सकाळी सेल्फ खाते, घाटात ओढत नाही: इंजेक्टर बदलू की गाडीच विकू?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय 36, मूळ गाव सातारा, नोकरी पुण्यात. वडिलांनी 2012 साली घेतलेली 1.3 लिटरची डिझेल सेडान आता यांच्याकडे आहे, रनिंग पावणेदोन लाख किलोमीटर. गाडी आठवडाभर सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी असते आणि शनिवारी सकाळी साताऱ्याला निघते. दिवाळीच्या सर्व्हिसिंगनंतर सकाळी स्टार्ट व्हायला फार वेळ लागतो, सेल्फ मारत बसावं लागतं. एकदा चालू झाली की मग दिवसभर अर्ध्या सेल्फवर लागते. दुसरं, खंबाटकी चढताना थर्डला ओढत नाही, सेकंडवर आणावी लागते, आणि मागून येणाऱ्या भावाने काळा धूर बघितलाय. ऑइल कमी होत नाही, ॲव्हरेज किंचित पडलंय. नेहमीच्या फिटरने आधी बॅटरी बदलली, फरक शून्य. आता तो म्हणतो चारही इंजेक्टर आणि पंप, 70 हजार. दुसरा म्हणतो इंजिनचं काम निघालंय. मेहुणे म्हणतात हे सगळं ई-20 मुळे. बायको म्हणते विका, वडील म्हणतात विकायची नाही. "70 हजार घालू की येईल त्या किमतीला काढून टाकू? आणि फिटर मला फसवतोय का?"

*

दादा, गाडीचं नाव मी मुद्दाम काढून टाकलंय, कारण तुमच्या बॉनेटखाली जे 1248 सीसीचं फियाटचं मल्टिजेट आहे ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झपासून पुंटो, व्हिस्टा, मांझापर्यंत इतक्या गाड्यांत बसलंय की हे उत्तर अर्ध्या महाराष्ट्राला चालेल. काहींत ते डीडीआयएस नावाने आहे, काहींत क्वाड्राजेट नावाने, पण मूळ इंजिन एकच.

मेहुण्यांचं आधी निकालात काढू. ई-20 म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. तुमच्या टाकीत डिझेल जातं, त्यात ते नसतंच, त्यामुळे घरातल्या वादातला हा एक मुद्दा तरी कमी झाला.

आता तुमचा प्रश्न. "इंजेक्टर की विक्री" असं तुम्ही विचारताय, पण पत्र वाचताना मला वाटलं की त्याच्या आधीच दोन गोष्टी तुम्ही धरून चालला आहात. एक, सकाळची तक्रार आणि घाटातली तक्रार ही एकाच आजाराची. दोन, गाडी तेरा-चौदा वर्षांची आहे म्हणजे आजार मोठाच असणार. दोन्ही गोष्टी खऱ्या निघू शकतात, नाही असं नाही, पण तुमच्याच पत्रातल्या खुणा मला दुसरीकडे नेतायत.

इंजिनच गेलं असेल, म्हणजे पिस्टन-रिंगा झिजून कॉम्प्रेशन पडलं असेल, तर ऑइल प्यायला लागते, निळसर धूर येतो, चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढलं की खालून भकभक वाफ येते. तुम्ही म्हणता ऑइल कमी होत नाही. मग इंजिन उघडायची भाषा सध्या कोणी करायची गरज नाही. डिपस्टिक मात्र एकदा नीट बघा, आणि पातळी कमी झालीय का याबरोबर *वाढलीय* का हेही बघा. वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर आत गळतोय आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ते खरंच गंभीर आहे, मग गाडी चालवू नका.

इंजेक्टरचं घेऊ, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचं. तुमच्यासारख्या कॉमन रेल गाडीत (जिथे पंप सगळ्या इंजेक्टरना लागणारं डिझेल एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून ठेवतो) सेल्फ मारल्यावर पंपाने रेलमध्ये एक किमान प्रेशर तयार करावं लागतं, साधारण दीडशे-दोनशे बारच्या आसपास, तोपर्यंत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. इंजेक्टर झिजले की डिझेल सिलिंडरमध्ये जायच्या ऐवजी रिटर्न लाइनने परत टाकीकडे पळतं, प्रेशर बनत नाही, आणि तुम्ही सेल्फ मारत राहता. फिटर म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे. पण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त पळतं, म्हणून इंजेक्टर किंवा पंप गेलेल्या गाड्या बहुतेक वेळा *गरम असताना* जास्त त्रास देतात. हायवेवर तासभर पळवली, चहाला थांबलात, आणि मग लागत नाही, असा प्रकार. तुमची गाडी गरम झाल्यावर अर्ध्या सेल्फवर लागते. चारही इंजेक्टर आणि वर पंप एकदम गेलाय आणि तरी गरम गाडी अशी लागते, हे मला पटत नाही. अगदी अशक्य आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण 70 हजाराची पैज मी यावर लावणार नाही.

मग सकाळी काय होतंय? पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, की हे दिवाळीच्या सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं. त्या सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर बदलला असणार किंवा निदान उघडला असणार. माझा पहिला संशय तिथे: लाइन एअर घेतेय.

फिल्टरपासून टाकीपर्यंतची जी बाजू आहे ती यातल्या बऱ्याच गाड्यांत ओढणारी बाजू आहे, दाबाची नाही. त्यामुळे तिथे बारीक फट असली तर बाहेर डिझेल टपकेलच असं नाही, उलट हवा आत जाते. फिल्टरची ओ-रिंग जुनीच परत बसवली, क्लॅम्प ढिला राहिला, रबरी नळी म्हातारी होऊन कडक झालीय, किंवा स्वस्तातला फिल्टर लावला, यातलं काहीही. गाडी आठवडाभर उभी राहते, नळीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, जागा हवा घेते, आणि शनिवारी सकाळी पंपाला आधी ती सगळी हवा ओढून काढावी लागते मग कुठे डिझेल येतं. एकदा लाइन भरली की दिवसभर प्रॉब्लेम नाही. तुमच्या गाडीचं वागणं तंतोतंत असंच आहे.

याची टेस्ट फुकट आहे. या शनिवारी चावी लावायच्या आधी बॉनेट उघडा. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो, कुठे तो बटणासारखा असतो तर काही दुसऱ्या गाड्यांत लाइनमध्ये रबरी फुग्यासारखा. तो दाबत राहा. सुरुवातीला पोकळ, मऊ लागला आणि बऱ्याच वेळा दाबल्यावर कडक झाला, आणि मग गाडी पहिल्या सेल्फला लागली, तर चोर सापडला. पुढचं काम फिटरचं: फिल्टर आणि पंपाच्या मध्ये थोडी पारदर्शक नळी टाकून बुडबुडे येतात का बघायचं आणि एकेक जॉइंट मागे मागे तपासत जायचं. त्याला सांगा की आधी ओ-रिंग आणि क्लॅम्प नवीन टाक. हा खर्च शेकड्यात मोजायचा आहे.

प्रायमर आधीपासूनच कडक होता आणि तरी लागली नाही, तर हीटर प्लगकडे बघा, म्हणजे थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारे जे चार प्लग असतात त्यांच्याकडे. इथे बरेच जण फसतात. डॅशबोर्डवरची पिवळी वेटोळ्याची खूण पेटते आणि विझते म्हणजे हीटर ठीक, असं आपण समजतो, पण ती खूण बहुतेक तापमान बघून ठरलेल्या वेळेवर विझते, चारपैकी प्रत्येक प्लग खरंच तापलाय की नाही ते ती सांगत नाही. ओळखायचं कसं, तर सेल्फ मारताना सायलेन्सरकडे कोणाला तरी उभं करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये, हीटरवर संशय घ्या, विशेषतः लागल्यावर पहिला अर्धा मिनिट गाडी थडथडत असेल तर. धूर अजिबातच येत नसेल तर डिझेल पोचतच नाहीये, मग लाइन, प्रेशर किंवा एखादा सेन्सर. हा एवढा धुराचा फरक फिटरला सांगितलात तरी त्याची अर्धी शोधाशोध वाचते. प्लग मल्टिमीटरवर जागच्या जागी तपासता येतात, चांगल्या प्लगचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास किंवा कमी असतो, मेलेला काहीच दाखवत नाही. फक्त एक करा, प्लग काढायचेच झाले तर इंजिन कोमट असताना आणि आधी गंज सोडवायचं तेल मारून, घाई न करता. पावणेदोन लाख किलोमीटर एकाच जागी बसलेला प्लग थंड इंजिनवर जोर लावून काढायला गेलं की हेडमध्ये तुटतो, आणि मग खरंच हेड उतरवायची वेळ येते. तसं पुण्याच्या उन्हाळ्यात हीटर मेले तरी ही इंजिनं लागतात, जानेवारीत दहा-बारा डिग्रीला मात्र रडवतात. तुमची तक्रार थंडी गेल्यावर आपोआप कमी झाली तर तीही एक खूण धरा.

बॅटरी नवीन आहे, चांगलं आहे, पण ती बदलून फरक पडला नाही यावरून "करंटचा प्रॉब्लेम नाही" असं लगेच ठरवू नका. इंजिनला जाणारी अर्थची जाड वायर आणि टर्मिनल तपासलेत का? सेल्फ गरगर फिरतोय की रडत फिरतोय? मल्टिमीटर असेल तर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या जवळपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नको, आणि चालू गाडीत 14 च्या आसपास.

आणि हे सगळं शोधून होईपर्यंत सलग सेल्फ मारत बसू नका, दहा सेकंद, मग अर्धा मिनिट दम. कोणी स्प्रे मारून स्टार्ट करून देतो म्हणाला तर हात जोडा, हीटर प्लगच्या इंजिनात इथर मारणं म्हणजे भलत्याच वेळी भडका, पिस्टन फुटू शकतो. तेच "थोडं रॉकेल टाका, लाइन साफ होते" वाल्यांचं. जुन्या इंडिकाच्या काळात चालून गेलं असेल, पण कॉमन रेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, रॉकेल टाकून तुम्ही तो सुका चालवताय. मग फिटर म्हणतो तो पंपाचा खर्च खरा होईल.

आता घाट. मला वाटतं ही वेगळीच भानगड आहे, आणि सकाळच्या त्रासाशी तिचा संबंध असेलच असं नाही.

सगळ्यात आधी एक विचारतो, खंबाटकीत थर्डला ॲक्सिलरेटर दाबल्यावर टॅकोमीटरचा काटा वर जातो आणि स्पीड मात्र तिथेच, असं होतं का? होत असेल तर इंजिन बिचारं चांगलं आहे, क्लच प्लेट घसरतेय. पावणेदोन लाखांत क्लच गेला तर नवल नाही. किंवा घाट चढून वर थांबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का? (रिमला हात लावू नका, नुसता जवळ न्या.) ब्रेक धरून राहिला असेल तरी गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेजही पडतं. पिकअप नाही म्हटलं की आपण सरळ बॉनेट उघडतो, हे बघायचं राहून जातं.

पण तुमचा भाऊ म्हणतो काळा धूर, म्हणून माझा कल हवेकडे जातो. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर जातंय आणि ते जाळायला हवा पुरत नाहीये. तेव्हा हवेच्या वाटेने चला. एअर फिल्टरचा डबा उघडा, आठवडाभर बेसमेंटमध्ये उभ्या गाडीत तिथे उंदराने घर केलेलं असणं ही काही गंमत नाही, कागद-कापूस-शेंगांची टरफलं सगळं निघतं, आणि तेच उंदीर बारीक व्हॅक्युमच्या नळ्याही कुरतडतात. मग टर्बोपासून (तो इंजिनात हवा दाबून भरतो) इंटरकूलरपर्यंत (तो ती हवा थंड करतो) आणि तिथून इंजिनपर्यंतचे जाड रबरी होज. हे बाहेरून चांगले दिसतात आणि खालच्या बाजूला किंवा क्लॅम्पपाशी चिरलेले असतात. थंड गाडीत हात फिरवून बघा, जिथे तेलकट आणि त्यावर धूळ चिकटून काळा लगदा झालाय तिथे चीर किंवा ढिला क्लॅम्प असण्याची शक्यता जास्त, कारण टर्बोतून थोडी तेलाची वाफ येतेच आणि ती फटीतून बाहेर पडते. चढावर जोर दिल्यावर शूऽऽ असा हवा सुटल्याचा आवाज पूर्वी नव्हता आणि आता येतो, तर बहुतेक हेच. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच सुटतेय, सपाटीवर जाणवत नाही, घाटात चार माणसं आणि सामान असलं की जाणवतं. या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढ, मिळतो तो टर्बोच्या जिवावर. टर्बोची हवा गेली की उरतं ते जेमतेम सव्वा लिटरचं साधं डिझेल इंजिन, ते खंबाटकीत थर्डला कुठून ओढणार?

होज ठीक निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह, जो थोडा जळलेला धूर परत इंजिनात सोडतो. आठवडाभर उभी, मधेच भाजीला दोन किलोमीटर, असं वापरलेल्या डिझेलमध्ये तो काजळीने चिकटतो, उघडाच राहिला की नको तेव्हाही धूर आत जातो आणि हवेला जागा उरत नाही. काढून साफ करता येतो, सरळ नवीन टाकायची गरज नसते. टर्बो स्वतः गेला असेल तर शिट्टीसारखा आवाज, शाफ्टला खेळ आणि बहुतेक वेळा ऑइलही जातं, तुमचं जात नाहीये. आणि यूट्यूब बघून कोणी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करा म्हणालं तर हसून सोडून द्या, तुमच्या 2012 च्या गाडीत डीपीएफ नाहीच, तो 2020 च्या बीएस-6 प्रदूषण नियमांनंतर इथे सर्रास आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो चोक होऊ शकतो, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा.

काळा धूर फक्त एकदाच दिसला होता, एरवी धूर नाही आणि तरी ओढत नाही, असं असेल तर उलट, डिझेल कमी पडतंय, म्हणजे परत फिल्टर. आणि ओढत नसताना चेक इंजिनचा दिवा लागत असेल, गाडी तीन हजारच्या वर जातच नसेल, आणि बंद करून चालू केल्यावर पुन्हा ठीक होत असेल, तर गाडी लिम्प मोडमध्ये जातेय, म्हणजे कुठला तरी सेन्सर किंवा प्रेशर ईसीएमला पटत नाहीये. तेव्हा स्कॅनर लावल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही. पी0087 आला तर रेल प्रेशर कमी, पी0299 आला तर टर्बोचं प्रेशर कमी, पी0380 हीटरच्या सर्किटचा. पण कोड आला म्हणून पार्ट गेला असं नसतं. पी0087 चिरलेल्या नळीनेही येतो आणि गेलेल्या पंपानेही, दोन्हीच्या बिलात हजारोंचा फरक आहे.

फिटर फसवतोय का, या प्रश्नावर मी थोडा थांबलो. मला तसं वाटत नाही, निदान पत्रावरून तरी. तुम्ही त्याच्याकडे गेलात आणि म्हणालात "गाडी स्टार्ट होत नाही, बघ". त्याने बॅटरी बदलली कारण बॅटरी बदलायचे पैसे मिळतात. गाडी रात्रभर गॅरेजला थंड करून सकाळी सहाला येऊन प्रायमर दाबून बघण्याचे, नळी लावून बुडबुडे बघत बसण्याचे पैसे आपल्याकडे त्याला कोणी देत नाही. "नुसतं बघितलं तर कसले पैसे?" हे आपणच म्हणतो की नाही? मग त्याचं पोट पार्ट विकण्यावरच चालणार आणि तो अंदाजाने पार्ट बदलत जाणार. तुम्ही त्याला सांगून बघा, की चेकिंगचे वेगळे पैसे देतो, हजार घे, दोन हजार घे, पार्टचं नंतर बोलू. गाडी आदल्या रात्री त्याच्याकडे सोडा म्हणजे सकाळी थंड स्टार्ट त्याच्या डोळ्यासमोर होईल, कारण तुम्ही दुपारी गरम गाडी घेऊन जाता तेव्हा त्याला काही दिसतच नाही.

आणि इंजेक्टरच गेलेत असं तो ठामपणे म्हणत असेल तर बॅकलीक टेस्ट समोर करून मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावतात, गाडी काही वेळ चालवतात, आणि बाटल्या शेजारी शेजारी धरून बघतात. एक बाटली भसाभस भरली आणि तीन सारख्याच राहिल्या तर एक इंजेक्टर गेलाय, चार नाही. मोठ्या शहरांत डिझेल पंप-इंजेक्टरची खास वर्कशॉप्स असतात, तिथे बेंचवर लावून रिपोर्ट मिळतो, रिपेअरही होतात. बदललाच तर त्यावर कोरलेला कोड ईसीएममध्ये फीड करणार का हे विचारा, "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा कोळसा साचलाय आणि चक-चक आवाज येतो असं असेल तर बऱ्याचदा खालचा कॉपर वॉशर गेलेला असतो, तो प्रकार स्वस्त आहे, पण लवकर करून घ्यावा लागतो.

राहिला विकायचा प्रश्न. 2027 ला तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा फिटनेस करून, रजिस्ट्रेशनची फी आणि पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवता येते. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचं जे आपण ऐकतो ते दिल्ली आणि आसपासच्या भागाचं आहे, महाराष्ट्रात तसं नाही, त्यामुळे त्या भीतीने विकू नका. पण बायको म्हणतेय तेही मी उडवून लावणार नाही. गाडी आठवड्यातून एकदाच निघते आणि डिझेलला उभं राहणं सोसत नाही, हा तिचा मुद्दा असेल तर तो रास्त आहे. पुण्यातला तुमचा वापर असाच राहणार असेल तर पुढची गाडी डिझेल नको. वडिलांना ही गाडी हवीच असेल तर ती साताऱ्याला त्यांच्याकडे ठेवायची, रोज थोडी पळेल, असाही एक पर्याय आहे, तो तुम्ही पत्रात धरलाच नाहीये.

पण विकायचीच ठरली तरी सेल्फ खाणारी गाडी विकायला नेऊ नका. घेणारा पहिल्या सकाळीच बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे का बघणार, सेल्फ मारणार, आणि फिटरने तुम्हाला सांगितलेला 70 हजारांचा आकडा तोच तुमच्या किमतीतून वजा करणार. मूळ दोष दोनशे रुपयांच्या ओ-रिंगचा आणि हजार-दोन हजारांच्या होजचा निघाला तर? म्हणून आधी दोषाचं निदान, निर्णय नंतर. तोवर खंबाटकीत ओव्हरटेक करायला जाऊ नका, डावीकडून सेकंडवर निवांत चढा, ट्रकवाले हॉर्न मारतील, मारू देत.

शनिवारी प्रायमर मऊ लागला की कडक, आणि धूर कुठल्या रंगाचा होता, एवढं कळवा.